भोपळ्याच्या पोटातला नाद

मिरजेवर मराठीत काही कमी लिहिलेलं नाही. तिथल्या गवयांची चरित्रं आहेत, आठवणींची पुस्तकं आहेत, सतारमेकरांवर वर्तमानपत्रांतून लेख येत असतात. तरीही ही छोटी पुस्तिका छापून वाचकांच्या हाती द्यावी असं मला मनापासून वाटलं, ते ती लिहिणाऱ्या मुलांमुळे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, मोलगी, तळोदा, नवापूर, शहादा या भागांतून आलेली ही महाविद्यालयातली मुलंमुली. मिरजेला जाईपर्यंत यांतल्या बहुतेकांनी तंबोऱ्याला हात लावलेला नव्हता. पण होळीच्या रात्री ढोलाच्या तालावर उजाडेपर्यंत नाचणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. ख्यालगायनात वाढलेला माणूस मिरजेत जातो तो नमस्कार करायला. ढोल-पावरीच्या मुलखातली मुलं तिथे गेली ती विचारपूस करायला: हे वाद्य कोण घडवतो, तो कुणाकडून शिकला, ते वाजतं तेव्हा ऐकायला कोण येतं? मिरजेचं मर्म या तीन प्रश्नांत सापडतं, असं ही पानं वाचताना मला जाणवत गेलं.

सहल तंबूंची होती. खर्च आवरायचा म्हणून तंबू घेतले, पण त्यामुळे दिवसाला वेगळाच आकार आला. मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भोसे गाव लागतं. त्याच्या शिवारात दंडोबाचा डोंगर आहे, आणि वर खडकात कोरलेलं महादेवाचं देऊळ आहे. डोंगरावर राखीव वन असल्यामुळे मुलांनी मुक्कामासाठी पायथ्याचं एक पडीक शेत निवडलं आणि मालकाची परवानगी काढून तिथे तंबू ठोकले. सातपुड्यात वाढलेल्या मुलांना दंडोबा म्हणजे टेकडीच वाटली असणार. पण उघड्या माळावरची ती थंड पहाट, तीन दगडांची चूल, दुरून ऐकू येणारी काकडआरती, आणि मग शहराकडे निघालेली पहिली एसटी, हे सगळं त्यांनी ज्या तपशिलानं लिहिलं आहे, ते वाचण्यासारखं आहे. रात्रभर शांततेत राहिलेला कान सकाळी शहरात शिरला की त्याला जास्त ऐकू येतं. मिरजेच्या दिवसाची ही पूर्वतयारी फार चांगली होती.

याच पंढरपूर रस्त्याचा मिरजेच्या संगीताशी जुना संबंध आहे. सतारीला आणि तंबोऱ्याला लागणारा भोपळा मुख्यतः सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेकाठच्या शेतांत पिकतो. चवीला कडू, सालीला जाड. खाण्यासाठी याचा उपयोग नाही, आणि म्हणूनच तो वेलावर पूर्ण जून होईपर्यंत राहू शकतो. सुकून हलका झाला, साल लाकडासारखी टणक झाली की तो मिरजेला येतो. मुलांनी ज्या रस्त्याच्या कडेला रात्र काढली, त्याच बाजूनं पिढ्यान्‌पिढ्या हा माल मिरजेला येत राहिला आहे.

मिरज हे कृष्णाकाठचं जुनं गाव. आदिलशाहीतलं महत्त्वाचं ठाणं, पुढे पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी. गावात ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा आहे. लोक त्यांना मिरासाहेब म्हणतात. दर्ग्याच्या परिसरात गल्ल्यांचं जाळं आहे, आणि त्यांतलीच एक सतारमेकर गल्ली. या गल्लीचा इतिहास असा सांगितला जातो की तिथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारं दुरुस्त करणारे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, फौजा गेल्या आणि या लोकांचा धंदाही बसला. त्याच सुमाराला संस्थानच्या दरबारी येणाऱ्या गवय्या-बजवय्यांची वाद्यं बिघडली तर ती दुरुस्त करायला जवळपास कुणी नव्हतं. बाळासाहेब पटवर्धनांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगार भावांनी ते काम अंगावर घेतलं. आधी दुरुस्ती, मग नवी वाद्यं. फरीदसाहेबांचं आडनाव पुढे सतारमेकर झालं आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची घरं वाढत गेली.

ही हकिकत मला दर वेळी विलक्षण वाटते. पोलादाला धार काढणारा हात लाकडावर आणि भोपळ्यावर बसवायचा, म्हणजे बळ कमी करून स्पर्श वाढवायचा. त्याला नवा गुरू मिळाला नव्हता. समोर बसलेला गवई ‘अजून नाही, अजून नाही’ म्हणत राहिला आणि हा तासत, घासत, जोडत राहिला. मिरजेच्या वाद्याचा दर्जा दरबाराच्या पैशातून आला खरा, पण त्याहून अधिक तो या देवघेवीतून आला. गाणारा आणि घडवणारा एकाच पेठेत राहत होते आणि एकमेकांना रोज भेटत होते. तक्रार सकाळी आली की संध्याकाळी तारांखालची घोडी बदलून वाद्य परत जात होतं.

कारखान्यात मुलांनी काय पाहिलं, ते पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. इथे मी त्यातला एकच भाग थोडा उलगडून सांगतो, कारण वाचकाला तो आधी ठाऊक असलेला बरा.

तंबोऱ्याचं पोट म्हणजे भोपळा. कारागीर तो आधी बोटांच्या पेरांनी वाजवून पाहतो. मग पाण्यात भिजवून त्याला मऊ करतो, तोंड कापतो, आतला गर आणि बिया खरवडून काढतो आणि तोंड नीट पसरून राहावं म्हणून आत काड्यांचा ताण देऊन पुन्हा सुकवतो. भोपळ्यावर लाकडी गळा बसतो, गळ्याला पोकळ दांडी जोडली जाते. लाकूड बहुतेक तुणीचं, चांगलं मुरलेलं. भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर लाकडाची पातळ तबली चढते. मग नक्षी, पॉलिश, खुंट्या, तारा. एक तंबोरा पुरा व्हायला अनेक आठवडे जातात, आणि इतकं होऊनही तो अजून बोलत नाही. त्याला बोलता करते ती घोडी.

तबलीवर तारांखाली जो रुंद पूल असतो त्याला घोडी म्हणतात. तिचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार असतो. तार छेडली की ती या उताराला स्पर्श करत थरथरते आणि एका स्वराच्या आत इतर स्वर ऐकू येऊ लागतात. याला जवारी म्हणतात. जवारी काढणारा कारागीर कानसानं घोडीचा माथा किंचित घासतो, तारा चढवतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा तारा उतरवतो आणि पुन्हा घासतो. शेवटी तारेच्या आणि घोडीच्या मध्ये दोऱ्याचा एक तुकडा सरकवतो. दोरा केसभर मागेपुढे झाला की नाद बंद होतो किंवा खुलतो. हे मोजायला त्याच्याकडे कोणतंही यंत्र नसतं. मोलगीकडच्या एका मुलीनं आपल्या टिपणात लिहिलं आहे की तो माणूस दोरा सरकवताना बोटांकडे पाहतच नव्हता. समोरच्या भिंतीकडे बघत नुसता ऐकत होता. जवारीचं इतकं अचूक वर्णन मी संगीतशास्त्राच्या पुस्तकांत वाचलेलं नाही.

आणि याच कारखान्यात, छताला टांगलेले भोपळे पाहून, मुलांनी आपापसांत जी कुजबूज केली ती या पुस्तिकेचा गाभा आहे. हा भोपळा त्यांच्या ओळखीचा होता. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला नवस फेडायला आलेले बुध्ये कमरेला असेच वाळके दुधी बांधून नाचतात. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, आणि प्रत्येक उडीबरोबर कमरेचे दुधी आणि घुंगरं खडखडतात. नवापूर-साक्रीच्या बाजूला आणि पलीकडे डांगात कोकणी आदिवासी डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजवतात. तिच्यातही मधोमध भोपळाच असतो. पावरकर फुंकतो ती हवा आधी भोपळ्याच्या पोटात साठते आणि मग बांबूच्या नळ्यांतून सूर होऊन बाहेर पडते. सांधे मधमाशीच्या मेणानं बुजवलेले असतात. मिरजेचा तंबोरा, डांगची पावरी, काठीच्या बुध्याची कंबर, तिन्ही ठिकाणी तेच फळ. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनंही ही सगळी एकाच जातीची भावंडं आहेत. आपल्या रोजच्या भाजीतला दुधी हा त्यांचा गोडवा राखलेला भाऊ.

दरबारातलं वाद्य आणि डोंगरातलं वाद्य यांच्यात आपण मनानं केवढं अंतर धरून असतो! एकाला कला म्हणतो, दुसऱ्याला लोककला. एकाला व्यासपीठ मिळतं, दुसऱ्याला मिरवणूक. भोपळ्याला यातलं काही ठाऊक नसतं. तो पोकळ असतो, आणि त्याच्या पोकळीत जो नाद भरावा तो मोठा करून परत देतो. कोणता नाद भरायचा, किती बारकाईनं भरायचा, हे माणसांनी ठरवलेलं आहे. ही साधी गोष्ट या मुलांनी पुस्तकातून काढलेली नाही. कारखान्यात मान वर करून टांगलेल्या भोपळ्यांकडे बघताना ती त्यांना दिसली.

मिरज नुसती वाद्यांची नाही, शिकवणीचीही आहे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवण्याचं मोठं श्रेय ज्यांना जातं ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते. जवळच्या कुरुंदवाडात जन्मलेल्या एका मुलाच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्यानं इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेला आणलं. दृष्टी पुरती परत आली नाही, पण गाणं शिकण्याची वाट उघडली. बाळकृष्णबुवांकडे त्यानं कित्येक वर्षं कठोर तालीम घेतली आणि १८९६ मध्ये मिरज सोडली. हे विष्णू दिगंबर पलुसकर. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. संस्थानिकाच्या मर्जीवर न चालणारी, लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर उभी राहणारी संगीतशाळा म्हणून तिचं नाव झालं. त्यांच्या शिष्यांनी पुढे उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मिरजेशी नातं राहिलं आहे, आणि परीक्षांचा बराच कारभार मिरजेतल्या कार्यालयातून चालत आला आहे. ‘प्रारंभिक’ किंवा ‘विशारद’चं प्रमाणपत्र भिंतीवर लावणाऱ्या खानदेशातल्या घरालाही मिरजेचा असा धागा जोडलेला आहे.

पलुसकरांचा जन्म १८७२ चा. त्याच वर्षी उत्तरेत, कैरानात, अब्दुल करीम खाँ जन्मले. हिंडत हिंडत ते दक्षिणेत आले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याशी त्यांची भक्ती जडली. मिरज हे त्यांचं घर झालं. त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवलं. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य. सवाई गंधर्वांकडून भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल शिकले. खाँसाहेबांची मुलं सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही तिन्ही आपापल्या जागी मोठी झाली. हिराबाईंचा जन्मही १९०५ मध्ये मिरजेतलाच. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिणेतल्या रेल्वेप्रवासात सिंगापेरुमाळकोईल स्थानकावर खाँसाहेबांनी देह ठेवला. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. एका वर्षी जन्मलेले हे दोघे. एकानं मिरजेत गाणं शिकून ते उत्तरेला नेलं, दुसऱ्यानं उत्तरेचं गाणं आणून मिरजेत मुक्काम केला. पुढे मल्लिकार्जुन मन्सूरही नीलकंठबुवांकडे शिकायला मिरजेत येऊन राहिले. गावाचं महत्त्व वाढतं ते अशा जाण्या-येण्यानं.

नाटकानंही मिरजेची आठवण ठेवली आहे. नारायण श्रीपाद राजहंस यांनी किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेत रंगभूमीवर पहिलं पाऊल टाकलं ते १९०५ मध्ये मिरजेतच. बालगंधर्व या नावानं महाराष्ट्रानं त्यांच्यावर किती प्रेम केलं, ते वेगळं सांगायला नको. मिरजेत त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. मुलांनी ते बाहेरून पाहिलं, आणि तिकीट खिडकीवरच्या माणसाशी गप्पा मारून जी माहिती मिळवली तीही या पानांत आहे.

आता तिसरा प्रश्न: ऐकायला कोण येतं? मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मिरासाहेबांच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. त्याच उरुसात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ, दर्ग्याच्या आवारात संगीतसभा होते. देशभरातले कलावंत तिथे हजेरी लावतात. हजेरीच, कारण तिथे गाणं ही सेवा मानली जाते. तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही. गावातल्या अंबाबाईच्या देवळात नवरात्रात असाच संगीतमहोत्सव असतो. एकाच गावात दर्ग्यापुढे आणि देवीपुढे तेच राग उभे राहतात आणि बऱ्याचदा तेच लोक ऐकायला बसलेले असतात. चहाच्या गाडीवरचा माणूस, शेजारच्या वाड्यातली आजी, कारखान्यातून हात पुसत आलेला कारागीर. हे लोक दाद देतात ती जाणून देतात, कारण लहानपणापासून त्यांच्या कानावर तेच पडलेलं असतं. गवई कुठेही जन्माला येतो. असे ऐकणारे तयार व्हायला मात्र पिढ्या जाव्या लागतात, आणि ते विकत आणता येत नाहीत.

घडवणारा, शिकवणारा आणि ऐकणारा हे तिघं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहिले, म्हणून मिरज संगीताची झाली, असं माझं मत आहे. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. दरबार गेला तरी गाणं गेलं नाही, कारण तोपर्यंत ते या तिघांच्या हाती आलेलं होतं.

इथे पुन्हा काठीची आठवण येते. काठी हेही संस्थानच होतं, पश्चिम खानदेशातल्या मेवासी संस्थानांपैकी एक. नंदुरबारहून तळोदा, अक्कलकुवा, मग देवगोईचा घाट चढून मोलगी आणि पुढे काठी. तिथली होळी आजही राजवाडी होळी म्हणून ओळखली जाते. राज्य गेलं, पण होळीला माणसं येतात ती डोंगराच्या दोन्ही बाजूंनी, महाराष्ट्रातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून. उंच बांबूचा दांडा उभा राहतो. रात्रभर ढोल घुमतो आणि होळी पेटते ती पहाटे. ढोल मढवणारा आहे, बापाकडून मुलाकडे जाणारा हात आहे, आणि ऐकणारे तर हजारोंनी आहेत. मिरजेला जे तिघं लागले, ते तिघं आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. फरक इतकाच की मिरजेच्या तिघांची नावं, तारखा आणि घराणी कागदावर उतरली, आपल्याकडची उतरली नाहीत. पलुसकर मिरजेत कधी आले आणि कधी गेले हे पुस्तकात मिळतं. आपल्या तालुक्यात पावरी उत्तम कोण करतो, हे मात्र त्या पाड्यावर जाऊन विचारावं लागतं, आणि विचारणारा उशिरा गेला तर सांगणारा उरलेला नसतो.

मिरजेची स्थितीही सगळी आलबेल नाही, आणि मुलांनी ते झाकलेलं नाही. मोबाइलमधला तंबोरा एका बोटानं सुरू होतो. त्याचा भोपळा फुटत नाही, तार तुटत नाही, हवा दमट झाली म्हणून तो उतरत नाही. रियाजाला त्याची सोय आहे, हे खरं. पण त्याच्या जवारीला उतार नसतो. रोज तेच, तसंच वाजतं. कारागिरांची पुढची पिढी या धंद्यात राहायला कचरते. महिनोन्‌महिने शिकावं लागतं आणि मजुरी त्या मानानं फार कमी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे मिरजेच्या नावानं दुसरीकडचा माल खपवणं अवघड होईल आणि कारागिराला त्याच्या नावाचा दाम मिळेल, अशी आशा आहे. मानांकन हे दस्तऐवजच असतं. त्याला बळ येतं ते खरं वाद्य विकत घेणाऱ्यांमुळे आणि ते वाजताना ऐकणाऱ्यांमुळे.

आपल्याकडेही लग्नाच्या वरातीत डीजे आला आहे. ढोल बाजूला ठेवला जातो. त्याला दोष देऊन काही साधत नाही. मिरजेकडून शिकायचं ते हे: शिकलगारांचा धंदा बुडाला तेव्हा त्यांनी आपलं कसब सोडलं नाही, ते नव्या गरजेशी जोडलं, आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांना काम दिलं. ढोल मढवणाऱ्याला काम दिलं नाही तर त्याचं कसब आपण कौतुकानं वाचवू शकणार नाही.

आता पुस्तिकेविषयी. पहिल्या प्रकरणात दंडोबाच्या पायथ्याचा मुक्काम आणि मिरजेपर्यंतचा रस्ता आहे. दुसरं सतारमेकर गल्लीवर, तिसरं दर्गा आणि खाँसाहेबांवर, चौथं गुरु-शिष्यांवर. शेवटचं प्रकरण मुलांनी मुक्कामी परत आल्यावर, चुलीपाशी बसून केलेल्या बोलण्याचं आहे. ते घाईनं वाचू नये. तिथे मुलं आपापल्या गावाची वाद्यं एकमेकांना समजावून सांगतात, आणि तंबोरा व पावरी यांच्यातलं साम्य हळूहळू सगळ्यांच्या बोलण्यात येतं. परिशिष्टात एका दिवसात मिरज कशी पाहावी याचं टिपण आहे. त्यातल्या दोन सूचना मी इथेच सांगतो. एक, कारखान्यात शिरण्याआधी विचारून घ्यावं आणि जवारी चालू असताना बोलू नये. तिथे बोलणं म्हणजे माणसाच्या कामाच्या मधे उभं राहणं. दोन, दर्ग्यात आणि देवळात पाहुण्यासारखं वागावं, प्रेक्षकासारखं नाही. मोबाइल खिशात ठेवून थोडा वेळ नुसतं बसावं. नंदुरबारहून मिरज दूर आहे, वाटेत गाडी बदलावी लागते. एवढ्या लांब जायचं तर एका दिवसात सगळं पाहण्याचा हट्ट सोडावा आणि एक गल्ली नीट पाहावी.

भाषेबद्दल एक शब्द. ही मुलं घरी भिली, पावरी, मावची, कोकणी या बोली बोलतात. मराठी ती शाळेत शिकली. संपादन करताना त्यांच्या वाक्यांतली ठेवण मी शक्य तिथे तशीच राखली आहे. ज्या मराठीत त्यांनी मिरज पाहिली, त्याच मराठीत ती वाचली जावी, असं मला वाटतं. त्यांच्या वाक्यांत जो वेग आहे, तो मला माझ्या वाक्यांत आणता आला नसता.

मुलांना दारात उभं न करता आत बोलावून, हातातलं काम थांबवून दाखवणाऱ्या मिरजेच्या कारागिरांचे आभार. आपल्या शेतात तंबू ठोकू देणाऱ्या आणि सकाळी दूध पाठवणाऱ्या भोसे गावच्या शेतकऱ्याचेही आभार. आपल्या मुलींना एवढ्या लांब पाठवणाऱ्या आईबापांचे आभार सर्वांत आधी मानायला हवे होते.

पुढच्या कामाबद्दल माझ्या मनात शंका नाही. मिरजेला विचारलेले तीन प्रश्न आता काठीला, धडगावच्या भोंगऱ्या बाजाराला, नवापूरच्या पावरकराला विचारायचे आहेत: कोण घडवतो, कुणाकडून शिकला, ऐकायला कोण येतं. उत्तरं नावागावासह, त्या त्या माणसांच्या संमतीनं लिहून ठेवायची आहेत, त्यांच्याच बोलीत आणि मराठीत. कसं विचारायचं आणि कसं ऐकायचं, हे मुलांना मिरजेनं दाखवून दिलं आहे. त्यांनी ते काम हाती घ्यावं. छपाईचा खर्च, वर्गणी आणि प्रवासाची सोय आम्ही मोठ्यांनी बघावी, आणि ती आम्ही बघू.

शहादा, गुढीपाडवा